नवा कॅमशाफ्ट बसवण्याआधी जुना का गेला ते शोधा

टॅपेट कव्हर उघडलं आणि कॅमचा, म्हणजे वॉल्व उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा, एक लोब (वॉल्व ढकलणारा उंचवटा) बाकीच्यांपेक्षा बोथट दिसला, की पहिला विचार येतो नवा कॅम मागवण्याचा. मी म्हणेन, आधी थोडं थांबा. कॅमशाफ्ट हा ब्रेक पॅडसारखा ठरलेल्या वेळी संपणारा भाग नाही. तो तेलाच्या पातळ थरावर फिरतो, आणि तो थर शाबूत राहिला तर बहुतेक वेळा इंजिनाला पुरून उरतो. कॅम झिजला, म्हणजे त्याचं तेल कुठेतरी अडलं किंवा त्याला लागून चालणारा जोडीदार, म्हणजे लोबचा दाब वॉल्वपर्यंत नेणारा टॅपेट किंवा रॉकर, आधी बिघडला. ते कारण तसंच ठेवून नवा कॅम बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो.

हे मला एका चार सिलिंडरच्या, दोन कॅमच्या इंजिनाने शिकवलं. एका नंबरच्या सिलिंडरचा एक्झॉस्ट लोब झिजला म्हणून काही महिन्यांपूर्वीच दुसऱ्या गॅरेजात नवा कॅम टाकलेला होता, आणि टकटक परत सुरू झाली होती. कव्हर काढलं तर नेमका तोच लोब पुन्हा बोथट. शेजारच्या पहिल्या कॅपखालचं (कॅप म्हणजे कॅमला हेडवर धरून ठेवणारा तुकडा) जर्नल, म्हणजे कॅमचा बैठकीत फिरणारा गोल भाग, निळसर पडलं होतं आणि त्यावर नखाला लागतील असे ओरखडे होते. हेडमधल्या तेलाच्या वाटेत हवा मारली. बाकीच्या प्रत्येक भोकातून तेलाचे थेंब उडाले, पहिलं भोक कोरडंच राहिलं. तांब्याची बारीक तार आत घालून फिरवली, तेव्हा नखाच्या टोकाएवढा काळपट, रबरासारखा तुकडा बाहेर आला. पहिल्या कॅपखाली कुणीतरी हात सैल सोडून सिलिकॉन लावलं होतं. कॅप आवळताना ते दाबलं जाऊन थेट तेलाच्या भोकात शिरलं होतं. एवढ्याशा तुकड्याने दोन कॅम खाल्ले.

पंपातून निघालेलं तेल फिल्टरमधून मुख्य वाटेत येतं, तिथून क्रँकच्या बेअरिंगांना मिळतं, आणि वरच्या कॅमपर्यंत सगळ्यात शेवटी पोहोचतं. म्हणून तेलाचा दाब थोडा जरी पडला, तरी पहिला फटका हेडमध्ये दिसतो.

खरंच कॅम गेला आहे का?

कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे टॅपेट, लोब, रॉकर यांचा आवाज इंजिनाच्या वेगाच्या निम्म्या तालात येतो: हलका, कोरडा, वरून येणारा. खालून येणारा जड आवाज कनेक्टिंग रॉडचा किंवा मेन बेअरिंगचा असू शकतो, तिकडे वेगळं बघावं लागतं. थंड इंजिन सुरू केल्यावर काही सेकंद टकटक होऊन ती थांबत असेल, तर हायड्रॉलिक टॅपेटमधलं (तेलाच्या दाबाने स्वतःच गॅप भरून काढणाऱ्या टॅपेटमधलं) तेल रात्रीतून उतरलंय एवढाच अर्थ असू शकतो. गरम झाल्यावरही आवाज टिकून राहिला, एक सिलिंडर मिस होऊ लागला, गाडीची ओढ कमी झाली, तर मात्र कव्हर उघडायची वेळ आली.

एक खूण उपयोगी आहे. एक्झॉस्ट लोब झिजला की जळालेला वायू पुरता बाहेर पडत नाही, आणि इनलेट वॉल्व उघडताच तो उलटा इनलेटमध्ये घुसतो. एअर फिल्टरच्या बाजूने फट्-फट् आवाज येतो तो यामुळे. स्कॅनरवर पी ०३४० आला तर कॅम सेन्सरचं सर्किट बघा. पी ००१६ म्हणजे कॅम आणि क्रँक यांचा मेळ बसत नाही, अर्थात चेन ताणली गेली असेल, एखादा दात सरकला असेल, किंवा व्हीव्हीटीचा, म्हणजे चालू इंजिनात वॉल्वचं टायमिंग बदलणाऱ्या यंत्रणेचा, गिअर अडकला असेल. हे कोड पाहून कॅम बदलू नका.

खात्री मापाने होते. लोबची पूर्ण उंची मायक्रोमीटरने मोजा, मग आडव्या बाजूने कॅमच्या गोल भागाचा व्यास मोजा. उंचीतून व्यास वजा केला की लिफ्ट मिळते. सगळ्या इनलेट लोबची लिफ्ट एकमेकांशी ताडून पाहा, एक्झॉस्टची एक्झॉस्टशी. एकाच कॅमवर एखादा लोब बाकीच्यांपेक्षा अर्धा मिमी जरी कमी भरला तरी तो गेला. नुसत्या डोळ्यांवर विसंबायचं असेल तर लोबचं टोक बघा: निरोगी लोब गुळगुळीत, एकसारखा असतो, जाणाऱ्यावर बारीक खड्डे, उडालेले पापुद्रे किंवा कडेला धार दिसते.

याच टप्प्यावर तेलाचा दाब डॅशबोर्डच्या दिव्यावर न सोडता सेन्सरच्या जागी मेकॅनिकल गेज लावून मोजा. तेल काढताना ते चाळून पाहा. कव्हरखाली काळा गाळ साचलेला असेल तर ऑइल चेंबर उतरवून स्ट्रेनरची जाळी साफ केल्याशिवाय पुढे जाऊ नका. ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते.

काय काय मागवायचं

कॅम एकटा बदलत नाहीत. त्याला लागून चालणारे टॅपेट, फॉलोअर किंवा रॉकर त्याच्यासोबत बदला. झिजलेल्या पृष्ठभागावर नवा लोब घासला तर नव्याचं आयुष्य तिथेच संपतं. रोलर असलेल्या फॉलोअरमध्ये रोलर बोटाने फिरवून बघा. खरखर लागली किंवा बाजूला हलला तर तोही गेला. सोबत कॅमचं ऑइल सील, टॅपेट कव्हरचं गास्केट, प्लगच्या विहिरींची सीलं, टायमिंग बेल्ट आणि त्याचा टेन्शनर, आयडलर हे सगळं घ्या. वॉटर पंप बेल्टवर चालत असेल तर तोही आत्ताच बदलणं शहाणपणाचं, कारण त्यासाठी हेच सगळं पुन्हा उघडावं लागतं. चेन असेल तर टेन्शनर आणि गाइड तपासा. एकदा ताणून आवळायचे बोल्ट, म्हणजे ज्यांना टॉर्कनंतर अंशांचं माप दिलेलं असतं ते, नवेच हवेत.

हत्यारांमध्ये दोन टॉर्क रेंच लागतील. कॅमच्या कॅपचे बोल्ट साधारण ६ मिमीचे असतात आणि त्यांचा टॉर्क बहुधा १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. मोठ्या टॉर्क रेंचवर एवढं कमी माप नीट कळत नाही, आणि अॅल्युमिनियमचे आटे एका झटक्यात जातात. फिलर गेज, मायक्रोमीटर, त्या इंजिनाची लॉकिंग टूल्स, पुली धरायचं हत्यार, आणि कप्पे असलेला मोठा ट्रे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच इंजिनाचं सर्व्हिस मॅन्युअल. या लेखातले आकडे अंदाज येण्यासाठी आहेत. बोल्ट आवळताना मॅन्युअलमधलाच आकडा धरायचा.

उघडताना

इंजिन पूर्ण थंड असू द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. कव्हरभोवतीची धूळ-माती हवा मारून आणि ब्रशने आधीच साफ करा, नाहीतर ती हेडमध्ये पडेल. प्लगच्या विहिरीत हवा मारूनच प्लग काढा. प्लग निघाले की इंजिन हाताने हलकं फिरतं आणि पुढची कामं सोपी होतात.

आता क्रँकच्या पुलीच्या बोल्टवर सॉकेट लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवा. बहुतेक इंजिनं पुलीच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात. जुन्या बऱ्याच होंडा इंजिनांचा क्रँक मात्र उलटा फिरतो. चुकीच्या दिशेने फिरवलं तर टेन्शनरच्या बाजूला ढील पडते आणि चेन किंवा बेल्ट एखादा दात ओलांडू शकतो. एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असण्याच्या जागेवर, आणा. त्या वेळी एक नंबरचे दोन्ही वॉल्व बंद असतात, म्हणजे त्यांचे लोब टॅपेटवर दाब देत नसतात. क्रँकची खूण टीडीसीवर आहे पण लोब वॉल्व दाबताहेत, असं दिसलं तर क्रँक अजून एक फेरा फिरवा.

सगळ्या खुणांचे फोटो काढा, समोरून आणि सरळ. तिरक्या कोनातून काढलेला फोटो नंतर अर्ध्या दाताचा घोळ घालतो. खुणा पुसट असतील तर पांढऱ्या रंगाने स्वतः करा. इथे एक अपवाद ध्यानात असू द्या. काही इंजिनांत कॅमच्या किंवा क्रँकच्या पुलीला चावी नसते, ती फक्त बोल्टच्या दाबावर धरलेली असते. बोल्ट ढिला केला की टायमिंग गेलंच. अशा इंजिनात रंगाच्या खुणा फसव्या ठरतात. लॉकिंग टूलशिवाय हात लावू नका.

टॅपेट गॅप (लोब आणि टॅपेटमधली फट) शिमवर, म्हणजे ठरावीक जाडीच्या चकतीवर, चालणारं इंजिन असेल, तर कॅम काढण्याआधी सगळ्या वॉल्वचा गॅप मोजून कागदावर लिहा. झीज कुठे किती झाली हे त्यातून कळतं.

बेल्ट काढताना टेन्शनर ढिला करा आणि बेल्ट उतरवा. जुना बेल्ट परत चढवू नका. चेन असेल तर टेन्शनर आधी काढा. फक्त कॅम काढायचे असतील आणि पुढचं कव्हर उघडायचं नसेल, तर चेन तारेने वर बांधून ठेवा. ती खाली घसरली तर क्रँकच्या दातांवरून सुटते आणि मग पुढचं कव्हर उतरवावंच लागतं. हेडमधून खाली जाणारी प्रत्येक मोकळी जागा स्वच्छ फडक्याने बुजवा. एखादी लॉक पिन चेनच्या विहिरीत पडली तर ती शोधण्यात अख्खा दिवस जातो.

कॅमच्या स्प्रॉकेटचा बोल्ट सोडवताना कॅमवर दिलेल्या षट्कोनी जागेला पाना लावून कॅम धरा. लॉकिंग टूलच्या भरवशावर बोल्ट सोडवू नका. ते टूल फक्त जागा दाखवण्यासाठी असतं. एवढ्या जोराने टूल तुटतं किंवा कॅमची खाच फुटते. व्हीव्हीटीचा गिअर धरूनही सोडवायचं नाही, आतल्या पाकळ्या आणि लॉक पिन खराब होते.

बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि उघडा वॉल्व एकमेकांवर आदळू शकतात. म्हणून काही मॅन्युअलमध्ये कॅम काढण्याआधी क्रँक टीडीसीवरून थोडा मागे घ्यायला सांगतात, म्हणजे चारही पिस्टन मधोमध येतात. तुमच्या इंजिनाला ते सांगितलं असेल तर आळस करू नका.

कॅप आणि कॅम

कॅमच्या कॅप हेडवर बसवूनच त्यांचं भोक एकत्र कोरलेलं असतं. म्हणून प्रत्येक कॅप तिच्याच जागी आणि तिच्याच दिशेने गेली पाहिजे. त्यांच्यावर नंबर आणि पुढची बाजू दाखवणारा बाण असतो. नंबर नसेल तर मार्करने घाला. दुसऱ्या हेडची कॅप आणून बसवणं हा उपाय होऊ शकत नाही.

बोल्ट सोडवायची पद्धत नीट पाळा. बाहेरच्या टोकांपासून मध्याकडे, आणि एका वेळी अर्धा फेरा. कॅमखाली काही वॉल्व दाबलेल्या अवस्थेत असतात आणि त्यांच्या स्प्रिंगा कॅमला वर ढकलत असतात. एका टोकाचे बोल्ट पूर्ण काढले आणि दुसऱ्या टोकाचे तसेच राहिले, तर कॅम तिरका होतो. बिडाचा कॅम वाकत नाही, मोडतो. आणि मोडला नाही तरी शेवटची कॅप तडकते. सगळ्या स्प्रिंगांचा जोर सुटला आणि कॅम मोकळा हलतोय असं हाताला कळलं, की मगच बोल्ट पूर्ण काढा. कॅप चिकटली असेल तर रबरी हातोडीने बाजूने हलकेच टिचकी मारा. फटीत स्क्रूड्रायव्हर घालू नका.

टॅपेट, शिम, फॉलोअर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने ट्रेमध्ये ठेवा आणि कप्प्यांवर नंबर लिहा. हायड्रॉलिक टॅपेट ज्या अवस्थेत हेडमध्ये होते तसेच उभे ठेवा. आडवे पडले की त्यांच्यातलं तेल निघून हवा शिरते.

आता गुन्हेगार शोधा

माझ्या मते या सगळ्या कामात सर्वात जास्त वेळ इथे द्यावा. हेडमधली जर्नलची प्रत्येक बैठक स्वच्छ पुसून चांगल्या उजेडात बघा. तेलाच्या प्रत्येक भोकातून हवा आरपार जाते का ते बोट लावून तपासा. टॅपेटच्या विहिरींमध्ये टॅपेट स्वतःच्या वजनाने, थोडं तेल लावल्यावर, सरकला पाहिजे आणि बोटाने गोल फिरला पाहिजे. अनेक इंजिनांत लोब टॅपेटच्या नेमका मधोमध नसतो, किंचित बाजूला असतो. त्यामुळे टॅपेट फिरत राहतो आणि झीज सगळीकडे वाटली जाते. फिरणं थांबलं की लोब एकाच रेषेवर घासतो. झिजलेल्या लोबखालचा टॅपेट हाताने फिरत नसेल, तर तुम्हाला कारण सापडलं.

जर्नलचा गॅप प्लास्टिगेजने, म्हणजे दाबल्यावर चपटा होणाऱ्या मऊ धाग्याने, मोजा. बैठक आणि जर्नल तेल पुसून कोरडं करा, नवा कॅम ठेवा, जर्नलवर लांबीच्या दिशेने त्या धाग्याचा तुकडा ठेवा, कॅप पूर्ण टॉर्कवर आवळा आणि परत काढा. चपटा झालेला धागा पाकिटावरच्या पट्टीशी जुळवला की गॅप कळतो. तो आत असताना कॅम फिरवू नका, माप जाईल. हा गॅप साधारण ०.०३ ते ०.०८ मिमीमध्ये असतो. मॅन्युअलच्या मर्यादेच्या बाहेर असेल, तर नवा कॅम टाकूनही दाब पडत राहील आणि हेडचंच काम करावं लागेल.

व्हीव्हीटी असेल तर त्याच्या ऑइल कंट्रोल वॉल्वच्या वाटेत बऱ्याचदा बारीक जाळी असते. ती काढून साफ करा. कॅमचे कण तिथेच जाऊन बसतात आणि नव्या कॅमनंतरही टायमिंगचा कोड येत राहतो.

वॉल्व सील आणि स्प्रिंग

सायलेन्सरमधून सकाळी निळा धूर येत असेल तर कॅम बाहेर असतानाच वॉल्व सील बदलून घ्या. हेड उतरवायची गरज नाही. वॉल्व सिलिंडरमध्ये पडू नये म्हणून प्लगच्या भोकातून दाबाची हवा देतात. हवा देताना पिस्टन टीडीसीवर ठेवा, नाहीतर क्रँक फिरेल. हवेची सोय नसेल तर जुना दोरीचा उपाय चांगला: पिस्टन थोडा खाली असताना प्लगच्या भोकातून स्वच्छ जाड दोरी आत सोडा, एक टोक बाहेर ठेवा, आणि क्रँक हाताने वर आणा. दोरी वॉल्वला खालून आधार देते. या कामात कॅम बाहेर असल्याने सगळे वॉल्व बंद असतात, पण बेल्ट किंवा चेन मोकळी असताना क्रँक फिरवताना चेन क्रँकवर अडकू देऊ नका. स्प्रिंग दाबली की दोन कॉटर (स्प्रिंग वॉल्वला अडकवून ठेवणारे छोटे तुकडे) चुंबकाने उचला. परत बसवताना कॉटरच्या खाचेत थोडं ग्रीस लावलं तर ते जागीच चिकटून राहतात. शेवटी वॉल्वच्या टोकावर रबरी हातोडीने एक टिचकी द्या. कॉटर नीट बसले नसतील तर आत्ताच उडतील. डोळ्यांवर चष्मा हवाच.

बसवताना

कॅपच्या बोल्टची भोकं कोरडी करा. बंद तळाच्या भोकात तेल साचलेलं असेल तर बोल्ट आवळताना ते दाबलं जातं, टॉर्क चुकीचा लागतो आणि हेडला तडा जाऊ शकतो.

नवे हायड्रॉलिक टॅपेट स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. जर्नलना तेल, आणि लोब व टॅपेटच्या तोंडाला असेंब्ली ल्युब लावा. कॅम बैठकीवर ठेवताना त्याची दिशा अशी निवडा, की कमीत कमी वॉल्व दाबले जातील. मॅन्युअलमध्ये बहुधा ही जागा दिलेली असते. इनलेट आणि एक्झॉस्ट कॅमची अदलाबदल होऊ देऊ नका. सेन्सरसाठी खाचा किंवा चकती कोणत्या कॅमवर आहे, ते जुन्याशेजारी नवा ठेवून ताडून घ्या.

आवळायचं ते मध्यापासून बाहेर, पुन्हा अर्धा-अर्धा फेरा, सगळीकडे समान. कॅप हेडला टेकल्यावरच टॉर्क रेंच हातात घ्या. पहिल्या कॅपला सीलंट सांगितलं असेल तर पातळ रेघ, तीही कडेला आणि तेलाच्या भोकापासून दूर. ऑइल सीलच्या ओठाला तेल लावा आणि सील सरळ, योग्य खोलीपर्यंत बसवा.

टायमिंग लावताना क्रँक आणि कॅम आपापल्या खुणांवर आणा, क्रँकपासून सुरुवात करून ताणलेल्या बाजूने बेल्ट चढवा, आणि सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला येऊ द्या. चेनमध्ये रंगीत कड्या स्प्रॉकेटच्या खुणांशी जुळवा. व्हीव्हीटीचा गिअर लॉक पिन अडकलेल्या स्थितीत आहे ना, ते हाताने फिरवून पाहा. टेन्शनरची पिन काढा आणि ताण बसू द्या.

आता क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. कॅमचा एक फेरा म्हणजे क्रँकचे दोन, त्यामुळे सगळं चक्र एकदा पूर्ण होतं. कुठेही घट्ट अडकलं तर तिथेच थांबा, जोर लावू नका. वॉल्व पिस्टनला टेकलेला असू शकतो. दोन फेऱ्यांनंतर पुलीवरच्या खुणा परत जुळल्या पाहिजेत. चेनच्या रंगीत कड्या मात्र या वेळी जुळणार नाहीत, त्या पुष्कळ फेऱ्यांनंतरच पुन्हा खुणेवर येतात. हे ठाऊक नसल्याने अनेकजण बरोबर लावलेलं टायमिंग परत उघडतात.

नवे हायड्रॉलिक टॅपेट टाकले असतील तर क्रँक असा फिरवण्याआधी थोडा वेळ जाऊ द्या, काही मॅन्युअलमध्ये अर्धा तास सांगितलेला असतो. तेलाने भरलेला टॅपेट वॉल्व थोडा उघडा धरून ठेवतो, आणि स्प्रिंगच्या दाबाने तो हळूहळू बसतो.

टॅपेट गॅप

हायड्रॉलिक टॅपेट नसतील तर गॅप लावायलाच हवा. इंजिन थंड असताना, लोब वॉल्वच्या बरोबर उलट बाजूला असताना फिलर गेज घाला. पातं थोडं ओढून धरल्यासारखं सरकलं पाहिजे. इनलेटला साधारण ०.१५ ते ०.२५ मिमी आणि एक्झॉस्टला ०.२० ते ०.३५ मिमी असे आकडे बऱ्याच इंजिनांत दिसतात. एक्झॉस्टचा गॅप जास्त, कारण तो वॉल्व जास्त तापतो आणि लांबतो.

शिमचं गणित सोपं आहे: जुन्या शिमची जाडी, अधिक मोजलेला गॅप, वजा हवा असलेला गॅप. समजा शिम २.४० मिमीची आहे, गॅप ०.३१ भरला आणि हवाय ०.२५, तर नवी शिम २.४६ लागेल. २.४५ ची मिळाली तर गॅप ०.२६ येईल, ते चालतं. शिमवर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, मायक्रोमीटरने मोजा. काही इंजिनांत शिम नसतेच, टॅपेट वेगवेगळ्या जाडीचे येतात, गणित तेच.

गॅप थोडा जास्त राहिला तर आवाज येईल. कमी राहिला तर आवाज येणार नाही, आणि म्हणूनच तो जास्त घातक. वॉल्व आपली उष्णता मुख्यतः सीटला टेकून सोडतो. गॅप संपला की तो पूर्ण टेकत नाही, आणि एक्झॉस्ट वॉल्व जळतो.

पुशरॉडच्या इंजिनाबद्दल

ब्लॉकमध्ये कॅम असलेल्या इंजिनात तो पुढून बाहेर ओढावा लागतो, त्यासाठी रेडिएटर आणि पुढचं कव्हर काढावं लागतं. पुशरॉड आणि टॅपेट आधी काढा. कॅमच्या तोंडाला लांब बोल्ट लावून तो मुठीसारखा धरा, आणि कॅम बेअरिंगना न घासता सावकाश बाहेर घ्या.

सपाट टॅपेटच्या कॅमला फार जपावं लागतं. त्याच्या लोबला किंचित उतार असतो आणि टॅपेटचं तोंड मध्ये किंचित फुगीर, म्हणून टॅपेट फिरत राहतो. या कॅमवर जुने टॅपेट कधीच टाकायचे नाहीत. तेलात जस्त-फॉस्फरसचं झीजविरोधी द्रव्य पुरेसं हवं. २००४ साली आलेल्या एपीआय एसएम दर्जापासून पातळ ग्रेडच्या पेट्रोल इंजिन तेलांत फॉस्फरस ०.०८ टक्क्यांपर्यंत मर्यादित झाला, कारण तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो. म्हणून अशा इंजिनाला सपाट टॅपेटसाठीचं तेल शोधून घ्या.

पहिला स्टार्ट

टॅपेट कव्हरच्या कोपऱ्यांवर, जिथे कॅपची कड हेडला मिळते, तिथे सीलंटचा छोटा ठिपका पुरे. नवं तेल, नवा फिल्टर. प्लग न लावता, इंजेक्टर आणि कॉइलची कनेक्शनं काढून, तेलाचा दाब येईपर्यंत थोडं थोडं स्टार्टर मारा. मग प्लग लावा आणि इंजिन सुरू करा. सुरुवातीला थोडी टकटक चालते. हायड्रॉलिक टॅपेट भरले की थांबते. दाब आला नाही तर लगेच बंद करा.

सपाट टॅपेटच्या नव्या कॅमचे नियम वेगळे. इंजिन पेटताच वेग २००० फेऱ्यांवर न्या आणि २० ते ३० मिनिटं २००० ते २५०० च्या दरम्यान कमी-जास्त करत ठेवा. आयडलवर सोडू नका: तेव्हा तेलाचा शिडकावा कमी असतो आणि लोबच्या टोकावर स्प्रिंगचा पूर्ण जोर येतो. पाणी, पेट्रोल आणि टायमिंग आधीच तपासून ठेवा, म्हणजे मध्येच बंद करावं लागणार नाही. प्रत्येक पुशरॉड फिरतोय का ते सुरुवातीलाच पाहता आलं तर उत्तम. न फिरणारा टॅपेट लोब खातो.

स्कॅनरवर कॅमचे कोड पुसून गाडी चालवा आणि परत तपासा. काही शेकडो किलोमीटरनंतर तेल आणि फिल्टर पुन्हा बदला. फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा आणि उन्हात धरा. पहिल्या वेळी थोडी करडी भुकटी चालते. चुंबकाला चिकटणारे चकचकीत पापुद्रे दिसले, तर गाडी उभी करा, कव्हर काढा आणि तेलाच्या भोकांत पुन्हा हवा मारून बघा.